बारकीचा हात बिघडला

९ ऑगस्ट

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार मनातल्या मनात, कारण इथे आडवं व्हायला जागा नाही. पाठीशी मैद्याची पोती, पुढ्यात बिस्किटांचे डबे आणि मधल्या स्टुलावर मी. दादा दुपारचा घोरतोय, वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालतेय. तेवढ्यात हे पत्र संपवायचंय.

आधी शपथ घे की दादाला सांगणार नाहीस. घेतलीस? मग ऐक. मी कॉलेजात नाव घातलंय.

हसून झालं असेल तर पुढे वाच. बसस्टँडमागचं ते कम्युनिटी कॉलेज तुला आठवत असेल, पूर्वी तिथे टायपिंग आणि वायरमनचे वर्ग चालायचे. आता तिथे बायोटेक्नॉलॉजीचा कोर्स निघालाय, वर्षभराचा, दुपारच्या बॅचचा. बारावी सायन्स पुरे, वयाची अट नाही. हमरस्त्यावर ती काचेची औषध कंपनी झालीय ना, तिथे जिवंत पेशी वाढवून त्यांच्याकडून औषध करून घेतात. कोर्सला चांगलं काम करणाऱ्यांना तिथे घेतात, आधी शिकाऊ म्हणून, मग कायम. आपण यीस्टकडून पाव फुगवून घेतो तसाच प्रकार, फक्त तिथे पहाटे उठावं लागत नाही.

माझ्या शेजारी एक सलूनवाली बसते. पहिल्या दिवशी मी तिला म्हटलं, बाई, आपण दोघी चुकून शिरलोय का इथे? ती म्हणाली, शिरलोय खऱ्या, पण आता फी भरलीय, बाहेर कोण जातंय!

दादाला का नाही सांगितलं म्हणशील. बाबा गेल्यापासून आमची वाटणी ठरलेली आहे, मळणं माझं, भाजणं त्याचं. गिऱ्हाइकाने पावाला चांगलं म्हटलं की तो आत बोट दाखवून म्हणतो, "पीठ बारकीच्या हातचं आहे." आता कुठल्या तोंडाने सांगू की तोच हात मला दुसरीकडे न्यायचाय? शिवाय सांगितलं आणि नापास झाले तर? तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. पास झाले की सांगेन.

एक घोळ मात्र होऊन बसलाय. पहिल्या दिवशी निघताना वहिनीने विचारलं, कुठे चाललीस? समोरून नेमकी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी चालली होती. तोंडातून निघून गेलं, "गाडी शिकायला." दादा इतका खूश झाला की विचारू नकोस. आता पावाची व्हॅन बारकी चालवणार, असं गल्लीभर सांगत सुटलाय.

वहिनी जिना उतरतेय. थांबते.

तुझी,
बारकी


१८ ऑगस्ट

चि. बारकीस,

आशीर्वाद आणि कानपिचक्या, निम्मे निम्मे.

अगं, नाव घातलंस ते झकास केलंस! लहानपणी डब्यातल्या मुंग्या काचेच्या बरणीत घालून त्यांची शाळा भरवायचीस, तेव्हाच मी तुझ्या बाबाला म्हटलं होतं, ही पोर पीठ मळत बसायची नाही. बसलीस खरी, पण माझं भाकीत थोडं उशिरा खरं झालं एवढंच.

दादाचं म्हणशील तर माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांच्या लाइनी जोडल्या. किती भांडणं, किती सोयरिकी या कानांवरून गेल्या, पण कधी इकडचं तिकडे केलं नाही. आता त्याच कानांत यंत्र बसवलंय आणि फोन जवळ नेला की ते शिट्टी मारतं. म्हणून म्हणते, फोन करू नकोस, लिही.

पण गाडीचं काय सुचलं तुला, बये? खोटं बोलायचं तर जे पुढे चालवून दाखवावं लागणार नाही असं तरी बोलावं. शिवण म्हणायचंस, गाणं म्हणायचंस. असो, आलीया भोगासी.

दादाचा दुखरा खांदा कसा आहे? तो स्वतःहून सांगायचा नाही.

तुझी आत्या


१४ नोव्हेंबर

ती. आत्या,

तीन महिने लिहिलं नाही म्हणून रागावू नकोस, जीव घाईला आला होता. पहाटे पीठ, दुपारी कॉलेज, संध्याकाळी गल्ला, आणि अभ्यास कधी, तर वहिनी मालिका बघत असते तेव्हा मोरीत बसून.

पहिला महिनाभर आम्ही नुसतं रंगीत पाणी इकडून तिकडे केलं. पिपेट म्हणून एक हत्यार असतं, अंगठ्याने दाबायचं आणि थेंबाच्याही चिमुकल्या भागाएवढं पाणी मोजून उचलायचं. सगळ्यांचे हात थरथरायचे. माझा नाही थरथरला. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हात चांगला आहे तुमचा." मॅडम चष्म्यावरून बघतात आणि मोजकंच बोलतात, त्यामुळे ते वाक्य मी घरी येईपर्यंत चघळत होते.

आणि मागच्या आठवड्यात तर काय झालं! मॅडमनी यीस्ट दाखवायचं ठरवलं, मी तोऱ्यात म्हटलं, मी आणते, आमच्या घरचं आहे. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर गोल गोल मणी, आणि एकेकाच्या अंगाला छोटं पिल्लू फुटलेलं. आत्या, इतकी वर्षं ज्यांच्या जिवावर आपलं घर चाललंय, त्यांचं तोंड मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. घरी येऊन दादाला हात धरून सांगावंसं वाटलं, अरे, चल, बघ तरी! जीभ चावली आणि गल्ल्यावर जाऊन बसले. तेव्हा मात्र फार वाईट वाटलं.

दादा रोज विचारतो, "काय, रिव्हर्स जमला का?" मी म्हणते, मास्तर म्हणतात अजून सराव हवा. तो मान डोलावतो आणि वहिनीकडे बघून हसतो. आणि वहिनीचं काय बिनसलंय कळत नाही. परवा स्वतःहून अत्तराची बाटली काढून दिली. "गाडी शिकायला जाताना लाव," म्हणे! गाडीला काय वास कळतो?

तुझी,
बारकी


२ डिसेंबर

चि. बारकीस,

अत्तर वाचून मी एकटीच इतकी हसले की शेजारीण बघायला आली. तुझी वहिनी चतुर आहे, मी एवढंच म्हणेन.

आता माझं ऐक. सांगून टाक दादाला. बाटलीत बूच घट्ट बसवलं की कधीतरी उडतंच, आणि उडालं की नेमकं डोळ्यांत जातं. तू त्याला ओळखत नाहीस असं नाही, पण तू त्याला घाबरतेस, आणि घाबरलेल्या माणसाला समोरचा नीट दिसत नाही.

सांगणार नसशील तर अभ्यास तरी मोरीतून उठून कर, थंडी वाजेल.

तुझी आत्या


१२ फेब्रुवारी

ती. आत्या,

सगळं मुसळ केरात.

जानेवारीपासून खरं काम सुरू झालं, पेशी वाढवण्याचं. चपट्या बाटलीत गुलाबी पाणी असतं, ते त्यांचं जेवण. त्यात त्या तळाला चिकटून वाढतात. बाटली सगळ्यांच्या बाटल्यांबरोबर अंगाइतक्या उबेच्या कपाटात ठेवायची, त्याला इनक्युबेटर म्हणतात, आणि एक दिवसाआड जुनं पाणी काढून ताजं घालायचं. लहान मूल सांभाळावं तसं सगळं. कंपनीला हेच काम येणारी माणसं हवी असतात. ज्याच्या पेशी शेवटपर्यंत स्वच्छ आणि जिवंत, त्याचं नाव कंपनीकडे जाणार. बाकीच्यांना नुसतं सर्टिफिकेट.

मागच्या सोमवारी कपाट उघडलं तर पाणी गढूळ. माझ्या एकटीचं नाही, सगळ्या बॅचचं! आणि मी काय केलं असेल? झाकण काढलं आणि वास घेतला. अगं सवय! रोज पहाटे पातेल्यावरचं फडकं उचलून पहिलं नाक घालायचं हेच आयुष्यभर केलंय. मॅडम ओरडल्या, "बाटलीत नाक घालायचं नसतं!" पण तोवर मला कळलं होतं. वास आपल्या पातेल्यातलाच होता. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, तर तेच गोल मणी, अंगाला पिल्लं फुटलेले. सगळ्यांच्या पेशी मारून मजेत बसले होते.

मॅडमनी सगळ्यांकडे बघितलं आणि मग माझ्या डोक्याकडे. आत्या, केस पडू नयेत म्हणून मी लॅबची टोपी घालण्याआधी डोक्याला रुमाल बांधायचे. स्वतःहून, जास्तीची काळजी म्हणून! मॅडमनी विचारलं, हा कुठला रुमाल? म्हटलं, रोजचाच, पहाटे मळताना बांधते तो. त्या कपाळाला हात लावून खाली बसल्या.

सलूनवालीच्याही पेशी गेल्या. तिने मला मनसोक्त शिव्या दिल्या आणि शिव्या देता देताच माझी नखं मुळापासून कापून घासून दिली.

पुन्हा सगळ्यांना नव्या पेशी मिळाल्या. मी रुमाल सोडला, कॉलेजच्या नळावर डोक्यावरून अंघोळ करून गेले. काल पुन्हा गढूळ. या वेळी फक्त माझीच बाटली. पीठ माझ्या भुवयांत आहे, कानांत आहे, कुठे म्हणून नाही! मॅडम रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "गल्ल्यावर बसा, हरकत नाही, भाजलेल्या पावातलं यीस्ट मेलेलं असतं. पण कच्च्या पिठात रोज कोपरापर्यंत हात घालून तुम्हाला हे जमणार नाही. मार्चमध्ये शेवटच्या पेशी देईन. पीठ किंवा पेशी, एक काय ते ठरवा."

मी ठरवलंय, आत्या. पेशी सोडते. पीठ सोडायचं तर दादाला सांगावं लागेल, आणि मग त्या खांद्याने सगळं पीठ त्याने एकट्याने मळायचं? मी माझ्या कंपनीसाठी भावाचा खांदा मोडू? नुसतं सर्टिफिकेट घेईन, पेटीत ठेवीन, झालं.

आणि हो, दादाने आज विचारलं, "तोंड का उतरलंय? गाडी ठोकलीस काय?" मी हो म्हटलं.

त्याला काही लिहू नकोस. माझी शपथ आहे तुला.

बारकी


१९ फेब्रुवारी

चि. बारकीस,

पत्राला उशीर झाला, कारण तुझं पत्र वाचून आधी दुसरं एक पत्र लिहायचं होतं. कुणाला, ते विचारू नकोस, माझेही लागेबांधे आहेत.

तू घाईने काही सोडू नकोस. मॅडमना सांग की मार्चला अजून अवकाश आहे, मी विचार करते. सोडायचंच असेल तर शेवटच्या दिवशीही सोडता येतं. त्याला काही वेगळा अर्ज लागत नाही.

आणि रडत असशील तर पोटभर रड. इतकी मेहनत केलीस, मलाच इथे चुटपुट लागलीय, मग तुझं काय होत असेल.

तुझी आत्या


२ मार्च

ती. आत्या,

आता रडू की हसू तेच कळेना.

मागच्या आठवड्यात एके दिवशी पहाटे माझा पहिला घाणा भाजून निघाला. दादाने ट्रेमधला एक पाव उचलला, अंगठ्याने दाबला आणि म्हणाला, "बसलाय." मी म्हटलं, काय? तो म्हणाला, "तुझा हात बिघडलाय, बारकी. कितीतरी दिवस बघतोय. आजपासून पिठाला हात लावायचा नाही. गल्ल्यावर बस."

आत्या, तो पाव बसला नव्हता! अंगठा काढल्याबरोबर टुणकन वर आला, माझ्या डोळ्यांदेखत! मी म्हटलं, बघ, आला वर. तर दादा पाठ फिरवून म्हणतो, "मला शिकवू नकोस."

माझ्या हाताला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. बाबांनीही नाही. मी एप्रन काढून खुंटीला लावला आणि बाहेर येऊन ढसाढसा रडले. नेमकं तेव्हा एक गिऱ्हाईक आलं, त्याला वाटलं दुकान बंद पडतंय.

आणि तेवढ्यावर थांबलं नाही. मला वाळीत टाकल्यासारखं चाललंय. मळायच्या खोलीत पाय टाकायचा नाही. खालून वर जायचं तर मागच्या लोखंडी जिन्याने जायचं. माझे कपडे वहिनी वेगळे धुते. माझा पलंग खालच्या खोलीतून उचलून वर गच्चीशेजारी नेऊन ठेवला. विचारलं तर म्हणतो, "पोत्यांमुळे झुरळं होतात." झुरळं याला आजच दिसली? काल वहिनीजवळ बसायला गेले तर ती पिठाचे हात वर करून मागे सरकली. माझ्यापासून! मी काय असं पाप केलंय?

इकडे गंमत बघ, पीठ सुटलं म्हणून मॅडमना हो म्हणून आलेय. शेवटच्या पेशी मिळाल्या. आंधळा मागतो एक डोळा म्हणावं, तर मी हा डोळा असा मागितला नव्हता. अपमान करून दिलेला डोळा.

दादा एकटा मळतोय. रात्री वहिनी त्याचा खांदा शेकते, वास येतो तेलाचा. विचारलं तर म्हणतो, तुला काय करायचंय?

बारकी


९ मार्च

चि. बारकीस,

तुझा दादा खडूस आहे. झालं समाधान? मी लिहून देते, खडूस आहे, पहिल्यापासून होता.

याहून जास्त मला काही लिहिता येत नाही. मी सध्या अडकित्त्यातली सुपारी आहे, कशी ते कधीतरी सांगेन. पण एक विचारते. घरात पीठ सुटलं, कपडे वेगळे धुतले गेले, पलंग पोत्यांपासून लांब गेला, हे सगळं वाईट झालं म्हणतेस, आणि तुझ्या पेशींना याचीच गरज होती म्हणतेस. मग रुसायचं असेल तर रुस, पण रुसवा पेशींवर काढू नकोस. हात रिकामे झालेत, तर त्या नीट सांभाळ.

रुसून जेवण टाकायचं नाही, मला सगळं कळतं.

तुझी आत्या


११ एप्रिल

ती. आत्या,

आधी आनंदाचं सांगते. पेशी जगल्या! गुलाबी पाणी शेवटपर्यंत गुलाबी. मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ बघितलं, मला वाटलं काहीतरी सापडलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "स्वच्छ आहेत. नाव पाठवते." सलूनवालीचंही गेलं. आम्ही दोघी कॉलेजच्या फाटकात मिठी मारून अशा नाचलो की शिपाई म्हणाला, ताई, वाहनं येतात इथे.

कंपनीत मुलाखत झाली, त्यांचं पत्रही आलं. महिनाअखेर होकार कळवायचाय.

आता दुसरं. मी दादाला सगळं सांगितलं. कॉलेज, पेशी, रुमाल, गाडी शिकलेच नाही ते. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "बरं," आणि वर, "मग व्हॅन कोण चालवणार?" एवढं बोलून आत गेला. ना राग, ना आनंद. आत्या, रागावला असता तर बरं झालं असतं.

आणि पीठ मळायचं मशीन आणलंय. दोन वर्षं मी त्याच्या खांद्यासाठी म्हणत होते, मशीन घे, तेव्हा म्हणायचा, "मशीनला बारकीचा हात असतो का?" आता माझ्या जागी ते घुं घुं करत उभं आहे.

मला होकार कळवावासाच वाटत नाही. हसू नकोस. कंपनीत सगळं काम हाताचं. ज्या माणसाला माझ्या हाताची माझ्याहून जास्त माहिती आहे, तो म्हणतो हात बिघडलाय. तो पाव वर आला असं मला वाटलं खरं, पण मीच चुकत असेन तर? तिथे जाऊन लाखमोलाच्या पेशी मारल्या तर? आणि बाबांच्या भट्टीतून हात बिघडलेली म्हणून बाहेर पडायचं, या विचारानेच पाऊल उचलत नाही. त्यापेक्षा गल्ल्यावर बसेन. पैसे मोजायला हात बिघडलेला चालतो.

बारकी


१६ एप्रिल

चि. बारकीस,

खुळे, होकार कळव!

आयुष्यात कधी इकडचं तिकडे केलं नाही असं मी मिरवायचे. तुझ्यापायी दोनदा केलं. फेब्रुवारीत तुझी शपथ मोडली आणि दादाला सगळं लिहिलं. मग त्याने मला शपथ घातली. ती आज मोडते. शपथा मोडून माणूस मरत असता तर मी पहिल्यांदाच गेले असते, त्यामुळे आता भीती नाही. त्याचं पत्र सोबत पाठवतेय. ज्या दिवशी तुला त्याने पिठावरून उठवलं, त्याच दिवशी लिहिलेलं आहे. बसून वाच.

तुझी फितूर आत्या


(सोबतचे पत्र)

२४ फेब्रुवारी

ती. आत्यास नमस्कार.

मला लिहायची सवय नाही, समजून घे.

तुझं पत्र मिळालं. बारकी गाडी शिकत नाही हे मला ऑगस्टपासून माहीत होतं. ड्रायव्हिंगचा मास्तर रोज सकाळी आपल्याकडून बन नेतो. त्याला विचारलं, आमची बारकी कशी शिकतेय? तो म्हणाला, कोण बारकी? मी बन बांधून दिले आणि हिला सांगितलं. ही म्हणाली, कुणीतरी आवडला असेल, तुम्ही मधे पडू नका. म्हणून आम्ही दोघं वाट बघत होतो, कुणाला घरी आणते त्याची. हिने तर अत्तरही दिलं. तुझं पत्र वाचून कळलं, कोण, तर पेशी.

मला आनंद झाला. ते आधी लिहितो, नाहीतर राहून जाईल.

तिला मी म्हणालो असतो की तू शिक, मी मळतो, तर तिने ऐकलं नसतं. खांदा खांदा करत पहाटे पुन्हा पिठात उभी राहिली असती. तू ओळखतेस तिला. म्हणून आज सांगितलं की तुझा हात बिघडलाय. दुसरं काही सुचलं नाही. पाव दाबून दाखवला आणि म्हटलं, बसलाय. मेला लगेच वर आला. ती बघत होती. मी पाठ फिरवली, कारण मला तोंड धड ठेवता येईना.

आत्या, तिच्यासारखं पीठ कुणी मळत नाही. बाबाही मळत नव्हते. आज पहिल्यांदा तिच्या पावाला नाव ठेवलं, आणि दिवसभर घास गेला नाही. ती बाहेर रडत होती, ते आत ऐकू येत होतं. मी मळत राहिलो.

खांद्याचं बघतो. मशीनची चौकशी केलीय. तिचे कपडे, पलंग, जिना सगळं वेगळं करतोय, अजून काय लागतं ते मॅडमना विचारून यायला उद्या ही जाणार आहे. बारकीला कळता कामा नये.

तू तिला लिही की दादा खडूस आहे. म्हणजे तिचा राग माझ्यावर राहील, स्वतःवर जाणार नाही. तुला शपथ आहे.

दादा


२४ एप्रिल

ती. आत्या,

पत्र गल्ल्यावरच आलं आणि गल्ल्यावरच वाचलं. एक बाई ब्रेड मागत उभ्या होत्या, त्यांना मी बिस्किटं दिली आणि पैसे घ्यायचे विसरले.

मग आत गेले, मळायच्या खोलीच्या दारापर्यंत. दादा पाठमोरा पाव वळत होता.

"दादा."

"पाय आत टाकू नकोस."

"नाही टाकत. तो पाव बसला नव्हता ना?"

"कुठला पाव?"

"अंगठ्याखालचा."

त्याचे हात थांबले. "आत्या फुटली वाटतं," म्हणाला.

मी उंबऱ्यावर उभी राहून अशी रडले की वहिनी धावत खाली आली, तिला वाटलं कुणी भाजलं. दादा मागे वळला. कोपरापर्यंत पीठ. दोन पावलं माझ्याकडे आला आणि स्वतःच्या हातांकडे बघून जागच्या जागी थांबला. मग म्हणाला, "तुझा हात नाही बिघडला. तुझा हात बिघडायचा नाही. आता डोळे पूस, गिऱ्हाईक उभं असेल." आणि पाव भट्टीत सारायची लांब दांड्याची फळी घेतली, तिच्यावर एक गरम पाव ठेवला आणि तिथूनच माझ्यापुढे सरकवला. इतका चांगला पाव मी कधी खाल्ला नव्हता, आणि तो मशीनचा होता, काय सांगू तुला!

होकार त्याच संध्याकाळी कळवला. सोमवारपासून जायचं. सलूनवाली आणि मी एकाच पाळीत आहोत.

रविवारी भट्टी बंद होती. दादाने डोक्यावरून अंघोळ केली, एकदा नाही, दोनदा. नखं घासली, इस्त्रीचे कपडे घातले आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "आता जवळ बसलो तर चालेल ना तुझ्या पेशींना?" म्हणाला. मी त्याच्या कुशीत शिरले. मग त्याने व्हॅन काढली, मला शाळेच्या मैदानावर नेलं, चावी हातात दिली आणि शेजारी बसला. मी गिअर टाकला. गाडी मागे गेली, गेली, गेली, आणि थेट कुंपणात.

दादाने खिडकीतून मान काढून कुंपण बघितलं. मग म्हणाला, "आठ महिने शिकून एवढंच?"

तुझी,
बारकी